बद्द

मगदूम, स्टेथोस्कोप खिशात ठेव जरा.
आधी बोट.
डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर सपाट टेकव,
उजव्याच्या टोकानं त्यावर ठोक.
मनगटातून. कोपरातून नाही.
डावीकडे काय ऐकू येतं?
उजवीकडे, वर, गळ्याच्या हाडाखाली?

मगदूम गप्प.
खाटेवरून दस्तगीरचाचाच म्हणाले,
"बद्द."

मिरजेत चाळीस वर्षं तंबोऱ्याचे भोपळे ठोकून
आतलं ओळखणारा माणूस.
सुकलेला भोपळा बोलतो, ओला बद्द वाजतो.
"उजवीकडं ओल हाय, बाई.
दिवाळीपासनं म्हाईत हाय मला."
मग आला का नाहीत?
"भोपळा कधी आपल्या पायानं दुकानात येतो व्हय?"

प्लेट खिडकीला धरली.
ओल होती, आणि ओलीच्या मधोमध
कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी.

वहीत लिहा. कारण: जंतू.
काडीसारखा, मेणचट अंगाचा, आळशी,
एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस घेणारा.
एवढ्यावर गुण मिळतील.
आता पान उलटा.
खोलीला एक झरोका, तोही पोत्यानं बुजवलेला,
कारण वाऱ्यानं लाकूड तडकतं.
साखर दोनशे ऐंशी, आजवर कुणी तपासलीच नव्हती.
आणि मागच्या साली शेजारी बसून
खोकत खोकत खुंट्या तासणारा कारागीर.
नाव इब्राहिम. गाव कुणालाच माहीत नाही.
हे परीक्षेत विचारणार नाहीत.

थुंकी काचेवर पातळ पसरा.
लाल रंग ओता, खालून आच द्या,
वाफ दिसू दे, उकळी नको.
मग आम्ल.
बाकी सगळं रंग सोडतं, हा सोडत नाही.
मग निळा.
निळ्यात लाल काड्या दिसल्या
तर आनंदानं ओरडू नका, वॉर्डात ऐकू जातं.
नवं मशीन दोन तासांत सांगतं,
रिफाम्पिसिनला दाद देईल की नाही तेही.
सांगू दे. तरीही काच बघायला शिका.

दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन.
लघवी केशरी होईल हे आधीच सांगा,
नाहीतर माणूस रक्त समजून गोळ्या गटारात टाकतो.
लाल-हिरवं नीट दिसतंय ना, विचारत राहा.
बोटांना मुंग्या येतात का, तेही.
या माणसाचं पोट बोटांवर आहे.

तिसऱ्या महिन्यात चाचा आले नाहीत.
मगदूम मोटरसायकलवर गेला, दर्ग्यामागच्या गल्लीत.
चाचा रंधा मारत बसलेले, चार किलोनं भरलेले.
"खोकला ग्येला. भूक लागतीय. आता कशाला?"
मगदूमला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.
त्यानं माळ्यावरचा एक भोपळा उतरवला,
बोट टेकवून ठोकला. मनगटातून.
"हा तयार आहे?"
"न्हाई अजून."
"वरून तर सुकलाय."
चाचा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.
मग नातीला हाक मारली,
पाणी मागितलं.

नात आसिया, सहा वर्षांची.
ती पाणी घेऊन आली तेव्हाच मगदूमच्या लक्षात आलं
की घरातल्यांना आपण तपासलंच नव्हतं.
वजन, प्लेट, सगळं ठीक निघालं.
तरी गोळी सुरू केली, आजार होऊ नये म्हणून.
तिनं तोंड वाकडं केलं.

एक राहिलं.
शंभर क्षेत्रं बघितल्याशिवाय काच निगेटिव्ह म्हणायची नाही.
शंभर, मोजून.
मी शिकत होते तेव्हा एकदा
साठाव्या क्षेत्रावर उठले.
भूक लागली होती, डबा निवत होता.
नोंदवहीत लिहिलं: जंतू आढळले नाहीत.
ती काच मालगावच्या काशव्वाची होती.
पुढच्या वर्षी ती पुन्हा आली,
दोघांनी धरून आणली होती.

चला, हात धुवा.
मगदूम, तू थांब.
या काचेची किती क्षेत्रं झाली?